डॉ. म. ना. वानखेडे : इंग्रजीच्या वर्गातून विद्रोहाकडे

निकाल लागले की घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरापासून मुलुंड, अंधेरी, बोरिवलीपर्यंतच्या आमच्या वस्त्यांत पुढच्या शिक्षणाची चर्चा सुरू होते. मुलगा वकील होणार म्हटले की घर खूश. मुलगी एमपीएससीला बसणार म्हटले तरी घर खूश. पण एखादी मुलगी इंग्रजी घेऊन एम.ए. झाली आणि पुढे इंग्रजी साहित्यातच पीएच.डी.ला अर्ज करायचा म्हणाली की घरात शांतता पसरते. साहित्य शिकून पोट भरणार का, साहेबांच्या देशातल्या कविता वाचून समाजाचे काय भले होणार, असे प्रश्न विहारातले वडीलधारे विचारतात, चळवळीतले कार्यकर्तेही विचारतात. प्रश्न खोटे नाहीत. पाच-सहा वर्षे घरातला कमावता हात अडकणार असेल तर विचारायलाच हवेत. त्यांचे उत्तर एका माणसाच्या आयुष्यात सापडते असे आम्हाला वाटते. तो माणूस म्हणजे डॉ. मनोहर नामदेव वानखेडे. दलित साहित्याच्या इतिहासात म. ना. वानखेडे हे नाव सर्वांना ठाऊक आहे. पण ते इंग्रजी साहित्याचे डॉक्टर होते, आणि ती डॉक्टरेट त्यांनी कोठे, कोणत्या काळात आणि कोणत्या विषयावर मिळवली, हे आजच्या पिढीला कोणी सांगत नाही.

वानखेडे सरांचा जन्म १९२४ चा. या एका आकड्यावरून त्यांची पिढी डोळ्यांसमोर उभी राहते. महाडचे चवदार तळे १९२७ साली पेटले तेव्हा ते तीन वर्षांचे होते. बाबासाहेबांनी ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उघडले, तेव्हा ते बाविशीत होते. १९५० साली औरंगाबादला सोसायटीचे महाविद्यालय सुरू झाले, पुढे त्याला मिलिंद हे नाव मिळाले, तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते. नागपूरची धम्मदीक्षा झाली तेव्हा बत्तीस. म्हणजे बाबासाहेबांनी जे जे उभे केले ते आपल्या डोळ्यांनी उभे राहताना पाहिलेली ही पिढी. आई-बाप निरक्षर, पोरगा पदवीधर, अशी झेप एका आयुष्यात घेणारी.

या पिढीला इंग्रजीचे महत्त्व कोणी पटवून द्यावे लागले नाही. शाळेत बाबासाहेबांना संस्कृत नाकारले गेले आणि त्यांना फारसी घ्यावी लागली, ही हकिगत प्रत्येकाला पाठ होती. ज्ञानाच्या एका भाषेचे दार जातीने बंद केले होते. दुसऱ्या भाषेच्या दारावर तशी पाटी नव्हती. त्याच भाषेच्या बळावर बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले, पुढे लंडनला गेले आणि जगाशी बरोबरीने बोलले. तरीही इथे एक फरक लक्षात घ्यावा लागतो. कचेरीची इंग्रजी शिकणे वेगळे आणि इंग्रजी साहित्य शिकणे वेगळे. आमच्या महाविद्यालयांतले इंग्रजीचे विभाग ही अनेक वर्षे उच्चवर्णीयांची राखीव जागा होती. तिथे आरक्षणाविरुद्ध बोलणाऱ्यांनी कधी आरक्षणाची तक्रार केली नाही. शेक्सपिअर आणि मिल्टन शिकवायचा तर त्यासाठी पिढीजात संस्कार लागतात, उच्चार लागतात, घरात पुस्तकांचे कपाट लागते, असा समज मुद्दाम पसरवलेला होता. वानखेडे सरांनी हाच विषय घेतला, आणि नुसती एम.ए.ची पदवी घेऊन ते थांबले नाहीत.

ते अमेरिकेत गेले. फ्लोरिडा राज्यातल्या गेन्सव्हिल गावी असलेल्या फ्लोरिडा विद्यापीठात त्यांनी पीएच.डी. केली. प्रबंधाचे साल १९६५. तेव्हा ते चाळिशी ओलांडत होते. तिशी गाठताच आता शिक्षणाचे वय गेले म्हणून पुस्तके माळ्यावर टाकणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

हे विद्यापीठ कसले होते? अमेरिकेचे दक्षिणेकडचे टोक, गुलामगिरीचा जुना मुलूख. १९४९ साली व्हर्जिल हॉकिन्स नावाच्या एका कृष्णवर्णीय शिक्षकाने याच विद्यापीठाच्या कायद्याच्या विभागात प्रवेशासाठी अर्ज केला. अर्जात काही उणे नव्हते. कातडीचा रंग काळा, एवढ्याच कारणावरून तो फेटाळला गेला. हॉकिन्स कोर्टात गेले. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला. १९५६ साली त्याच न्यायालयाने हॉकिन्स यांच्या बाजूने आदेश दिला. तरी फ्लोरिडाच्या राज्य न्यायालयाने तो मानला नाही. अखेर १९५८ साली तडजोड झाली. हॉकिन्स यांनी आपला स्वतःचा अर्ज मागे घ्यायचा आणि त्या बदल्यात विद्यापीठाच्या पदव्युत्तर व व्यावसायिक विभागांची दारे बाकीच्या कृष्णवर्णीयांना उघडायची. नऊ वर्षे लढलेल्या माणसाने आपला हक्क सोडला आणि समाजाचा हक्क मिळवला. त्याच वर्षी पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी तिथे दाखल झाला. पदवीच्या वर्गांना तर १९६२ उजाडावे लागले. हॉकिन्स यांनी पुढे बोस्टनला जाऊन कायद्याची पदवी घेतली आणि वयाच्या सत्तरीच्या घरात, १९७६ साली त्यांना फ्लोरिडात वकिलीची सनद मिळाली.

आता वाचकांनी तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. १९५८ ला ज्या विद्यापीठात पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी शिरला, त्याच विद्यापीठात सात वर्षांनी, १९६५ ला, भारतातल्या एका पूर्वाश्रमीच्या अस्पृश्याचा प्रबंध मान्य झाला. मधली वर्षे साधी नव्हती. गेन्सव्हिलपासून सुमारे शंभर-सव्वाशे किलोमीटरवर सेंट ऑगस्टिन हे शहर आहे. जून १९६४ मध्ये तिथे एका मोटेलात जेवण मागितले म्हणून मार्टिन ल्यूथर किंग यांना अटक झाली. आठवड्याभरात त्याच मोटेलाच्या पोहण्याच्या तलावात कृष्णवर्णीय आणि गोरे कार्यकर्ते एकत्र उतरले, तेव्हा मालकाने त्या पाण्यात अ‍ॅसिड ओतले. हे वाचून आम्हाला महाड आठवल्याशिवाय राहत नाही. आमच्या लोकांनी तळ्याचे पाणी प्यायले म्हणून सनातन्यांनी त्यात पंचगव्याचे घडे ओतले होते. सदतीस वर्षांचे अंतर, दोन खंड, आणि विटाळाची कल्पना मात्र सख्ख्या बहिणींसारखी. जुलै १९६४ मध्ये अमेरिकेत नागरी हक्कांचा कायदा झाला. वानखेडे सरांचा प्रबंध पुरा झाला तो याच धामधुमीच्या काळात आणि याच राज्यात. ग्रंथालयात कविता होती आणि ग्रंथालयाबाहेर माणुसकीची लढाई होती. त्या कवितेची आणि त्या लढाईची सांगड कशी घालायची, हे ते पुढे मराठीला शिकवणार होते.

प्रबंधाचा विषय होता वॉल्ट व्हिटमन आणि तंत्रमार्ग यांचा तौलनिक अभ्यास. अनेकांना हे शीर्षक चमत्कारिक वाटेल. आम्हाला मात्र त्यात एक ठाम भूमिका दिसते, म्हणून इथे थोडे थांबू.

व्हिटमन १८१९ साली एका सुताराच्या घरात जन्मला. अकराव्या वर्षी शाळा सुटली. तो छापखान्यात खिळे जुळवायला शिकला. १८५५ साली त्याने ‘लीव्हज ऑफ ग्रास’ हा संग्रह स्वतःच्या पदराला खार लावून छापला. विद्यापीठाचे तोंड न पाहिलेल्या या माणसाने अमेरिकन कवितेचे छंद मोडले. सुतार, नावाडी, वेश्या, पळून आलेला गुलाम अशी माणसे त्याने कवितेत आणली. शरीर हे पाप नाही, आत्म्याइतकेच पवित्र आहे, असे तो म्हणाला. त्या पुस्तकापायी १८६५ साली त्याची सरकारी नोकरी गेली. कृष्णवर्णीयांबद्दलची त्याची मते पुढे सगळीच निर्मळ राहिली नाहीत, हेही नोंदवले पाहिजे. पण राबणाऱ्या माणसाला कवितेच्या मध्यभागी बसवले ते त्याने.

या व्हिटमनला भारताशी जोडण्याची हौस विद्वानांना फार जुनी. आणि भारत म्हटले की त्यांना वेदान्त दिसतो, गीता दिसते, उपनिषदे दिसतात. १९६४ सालीच, म्हणजे वानखेडे सरांचा प्रबंध पुरा होण्याच्या आदल्या वर्षी, व्ही. के. चारी या विद्वानाचे व्हिटमनला वेदान्ताच्या उजेडात पाहणारे पुस्तक अमेरिकेत निघाले. रस्ता मळलेला होता. वानखेडे त्या रस्त्याने गेले नाहीत. त्यांनी व्हिटमनच्या शेजारी तंत्रमार्ग ठेवला. तंत्राची परंपरा वैदिक चौकटीच्या कडेला आणि बऱ्याचदा तिच्या विरोधात वाढली. शरीराला ती तुच्छ मानत नाही. तिच्या बौद्ध शाखेतल्या चौऱ्याऐंशी सिद्धांच्या नामावळीत चांभार आहेत, कोष्टी आहेत, धोबी आहेत, मासे मारणारे आहेत. तंत्रमार्गाने बौद्ध धम्मात बिघाड आणला असे आमच्यातले बरेच जण मानतात. तो वाद स्वतंत्र आहे आणि इथे तो सोडवायचा नाही. सांगायचे ते एवढेच की भारत म्हणजे फक्त वेद आणि वेदान्त, ही अमेरिकन विद्यापीठात ठाण मांडून बसलेली समजूत या विषयाच्या निवडीतच नाकारली गेली. विषय निवडणे ही संशोधकाची पहिली भूमिका असते. परीक्षकांना आवडेल तो विषय घेणारे पुष्कळ असतात. वानखेडे सरांनी आपल्याला पडलेला प्रश्न घेतला.

एवढी पदवी हातात आल्यावर अमेरिकेत राहून तिथेच प्राध्यापकी करणारे अनेक भारतीय होते. १९६५ सालीच अमेरिकेने आशियाई लोकांसाठी स्थलांतराचा कायदाही सैल केला. वानखेडे परत आले, आणि आले ते औरंगाबादला, बाबासाहेबांच्या मिलिंद महाविद्यालयात. तिथले प्राचार्यपद त्यांनी सांभाळले. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून पत्र्याची पेटी घेऊन आलेली, वसतिगृहात राहणारी, पहिल्यांदाच पुस्तकाला हात लावणारी मुले त्यांच्यासमोर होती. या मुलांपुढे व्हिटमन ठेवायचा तर कशासाठी ठेवायचा, याचे उत्तर त्यांनी कृतीने दिले.

१९६७ साली मिलिंदच्या परिसरातून ‘अस्मिता’ हे नियतकालिक निघाले. त्यामागे वानखेडे सरांची प्रेरणा होती आणि संपादनाची धुरा प्रा. गंगाधर पानतावणे यांच्याकडे होती. पुढच्या वर्षी त्याचेच ‘अस्मितादर्श’ झाले. पानतावणे सरांनी २०१८ साली जगाचा निरोप घेतला, तोपर्यंत त्यांनी ते जिवापाड जपले. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातले किती कवी, किती आत्मकथनकार, किती समीक्षक या एका नियतकालिकाच्या पानांवर पहिल्यांदा छापले गेले! प्रस्थापितांची मासिके ज्यांची पाकिटे न फोडता परत करत होती, त्यांना हक्काचा पत्ता मिळाला.

वानखेडे सरांचे दुसरे काम आम्हाला याहून मोठे वाटते. त्यांनी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे साहित्य मराठी दलित लेखकापुढे आरशासारखे धरले. त्या काळी त्याला निग्रो साहित्य म्हणत. रिचर्ड राइट, राल्फ एलिसन, जेम्स बाल्डविन या लेखकांनी गोऱ्या समाजाला आवडेल असे लिहिण्याचे नाकारले होते. आपला अपमान, आपली भाषा, आपला संताप त्यांनी साहित्यात आणला होता. हे इथे का होऊ नये, असा वानखेडे सरांचा रोखठोक सवाल होता. १९६९ च्या ‘मराठवाडा’ दैनिकाच्या दिवाळी अंकात दलित साहित्यावर चर्चा झाली. दलित साहित्याच्या विचाराला आकार देणारी म्हणून ती आजही सांगितली जाते, आणि तिच्यात ते होते. साहित्य हा रिकामपणचा खेळ नाही, लेखकाला समाजाची जबाबदारी टाळता येणार नाही, दलितांचे लेखन विद्रोही असलेच पाहिजे, ही त्यांची मांडणी. सौंदर्याच्या नावाखाली शोषणाकडे डोळेझाक करणाऱ्या समीक्षेला त्यांनी तिच्याच अभ्यासक्रमातले दाखले देऊन उत्तर दिले. इंग्रजी साहित्याच्या डॉक्टराला कोणी साहित्य कळत नाही असे म्हणू शकत नव्हते! पदवीचा असाही उपयोग असतो.

पुढे १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. नाव घेतले ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचे. पँथर उभी केली ती मुंबईच्या रस्त्यावरच्या तरुणांनी, त्यांच्या हिमतीने, याबद्दल वाद नाही. पण अमेरिकेतला कृष्णवर्णीय आणि इथला दलित यांच्यात नाते आहे ही जाण मराठी साहित्यात त्याआधीच रुजू लागली होती. ती रुजवणाऱ्यांत वानखेडे सर अग्रभागी होते.

१९७८ साली, वयाच्या चोपन्नाव्या वर्षाच्या आसपास, ते गेले. त्यांचे मराठी लेखन ‘दलितांचे विद्रोही वाङ्मय’ या पुस्तकात मृत्यूनंतर, १९८१ साली, एकत्र झाले. संपादन केले वामन निंबाळकर आणि यशवंत मनोहर यांनी. लेखन आकाराने फार मोठे नाही. परंतु एका इंग्रजीच्या प्राध्यापकाने आपल्या अभ्यासाची सारी पुंजी मराठीत, आपल्या माणसांच्या हाती सोपवली, हे त्यातून दिसते.

आता आमच्या उपनगरांतल्या मुला-मुलींकडे वळू. वानखेडे सरांच्या काळात वाट होती की नाही हेच कळत नसे. आज वाट आहे, पण तिच्यावरचे टोलनाके माहीत हवेत. मुंबईत अर्ज करायचा तर मुंबई विद्यापीठाचा इंग्रजी विभाग कलिनाच्या विद्यानगरीत आहे. कुर्ल्याहून बसने जाता येते. विद्यापीठाची स्वतःची प्रवेश परीक्षा असते. शिवाय २०२४ पासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठी धरण्याची तरतूद विद्यापीठ अनुदान आयोगाने केली. म्हणून एम.ए.च्या दुसऱ्या वर्षापासूनच नेटची तयारी करावी. जेआरएफ मिळाली तर घरावर भार पडत नाही. बार्टीच्या अधिछात्रवृत्तीच्या जाहिरातीकडेही लक्ष ठेवावे.

अमेरिकेत अर्ज करायचा तर तिथले इंग्रजी विभाग साधारणपणे डिसेंबर-जानेवारीत अर्ज घेतात. आपण कोणता प्रश्न घेऊन येत आहोत हे सांगणारे दोनेक पानांचे उद्देशपत्र लागते. पंधरा-वीस पानांचा एक चांगला शोधनिबंध नमुना म्हणून लागतो. ज्यांनी शिकवले आहे अशा तीन प्राध्यापकांची शिफारसपत्रे लागतात. गुणपत्रिका आणि इंग्रजीची परीक्षा असतेच. जीआरईची अट मात्र पुष्कळ विभागांनी अलीकडच्या वर्षांत काढून टाकली आहे. अर्जाची फी डॉलरमध्ये असते, पण अनेक ठिकाणी गरजू विद्यार्थ्यांना ती माफ होते. त्यासाठी आधी पत्र लिहावे लागते. आणि सर्वांत महत्त्वाचे, जे आमच्या घरांत कोणी सांगत नाही : चांगल्या विभागांत पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला फी भरावी लागत नाही. पदवीच्या वर्गांना शिकवण्याच्या बदल्यात पाचेक वर्षे विद्यावेतन मिळते. जमीन विकायची गरज नाही. जिथे असे वेतन नाही तिथे जाण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा.

या यादीत आमची मुले कशात मागे पडतात? गुणांत नाही. त्यांच्या नमुना निबंधावर लाल पेनने खुणा करायला कोणी नसते, आणि शिफारसपत्र मागायला प्राध्यापकाच्या दारात उभे राहण्याचा संकोच असतो. ही दोन्ही कामे समाजातले निवृत्त आणि कार्यरत प्राध्यापक करू शकतात. उपनगरांतल्या विहारांतून दर रविवारी दोन तास इंग्रजीचा एक जाणकार बसला तरी किती अर्ज सुधारतील!

सरकारच्या धोरणाकडेही डोळे उघडे ठेवून पाहिले पाहिजे. अनुसूचित जातींच्या मुलांना परदेशी पाठवणारी राष्ट्रीय ओव्हरसीज शिष्यवृत्ती १९५४-५५ पासूनची. २०२२ साली केंद्राने तिच्या नियमांत बदल केला. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचा सामाजिक अभ्यास हे विषय शिष्यवृत्तीतून वगळले. कारण सांगितले की असे विषय देशातच शिकता येतात. या फुटपट्टीने म. ना. वानखेडे यांचा विषय मोजून पाहा. व्हिटमन चालला असता, तंत्रमार्गापाशी अडवणूक झाली असती. म्हणजे आमच्या मुलाने इंग्रजी कविता वाचावी, पण तिच्या शेजारी स्वतःच्या देशाचा प्रश्न ठेवू नये! जातीचा अभ्यास करायला निघालेल्या मुलाला तर उंबरठ्यावरच थांबवायचे. विषयावरची बंदी ही अर्जावरच्या बंदीइतकीच घातक असते. हॉकिन्स यांचा अर्ज १९४९ साली रंगावरून फेटाळला गेला, इथे अर्ज प्रश्नावरून फेटाळण्याची सोय केली गेली. समाजाने आणि समाजाच्या लोकप्रतिनिधींनी यावर गप्प बसता कामा नये.

आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनाही आमचे एवढेच सांगणे आहे. साहित्य शिकून समाजाचे काय होते, हे वानखेडे सरांनी दाखवून ठेवले आहे. एका डॉक्टरेटमधून एका महाविद्यालयाला प्राचार्य मिळाला, नियतकालिकामागे बळ उभे राहिले, लेखकांच्या पिढीला दिशा मिळाली. आमची मुलगी इंग्रजीच्या पीएच.डी.चा फॉर्म भरत असेल तर तिला अडवू नका. तिला एकच विचारा, की तू कोणता प्रश्न घेऊन जाणार आहेस आणि परत येताना आमच्यासाठी काय आणणार आहेस. तिच्याजवळ उत्तर असेल तर अर्जाच्या फीचे पैसे आपण सगळे मिळून भरू.

जयभीम!